घरी कोण कोण असतं

१

रोज सकाळी पावणेदहाला मी एकाच बाईंचं बोलणं आठ वेळा ऐकायचो. ते माझं कामच होतं.

२००२ सालची गोष्ट. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. मालक शिवकुमार, आणि कामाला मी. एका धर्मादाय रुग्णालयासाठी आम्ही फोनवरची चौकशी सेवा चालवत होतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून फुकट फोन लावायचा. पलीकडे माणूस नसायचा, फोन कॉम्प्युटर उचलायचा. आपल्या तालुक्याचं बटण दाबलं, की मोतीबिंदूचं शिबिर कधी आहे, लहान मुलांना डोस कोणत्या वारी, बायकांच्या डॉक्टर कुठल्या केंद्रात बसणार, सगळं ऐकू यायचं. शेवटी ‘धन्यवाद’ आणि फोन आपोआप बंद.

यंत्रं मागच्या खोलीत होती. खोलीला खिडकी नव्हती. पूर्वी तिथं टायरवाला ट्यूब ठेवायचा, त्यामुळे रबराचा वास भिंतीतच मुरला होता. टेबलावर कॉम्प्युटर, खाली बॅटऱ्या, आणि भिंतीवर एक पत्र्याची पेटी. पेटीत आठ टेलिफोन लाइनी येत होत्या. प्रत्येकीचा एक बारका हिरवा दिवा. कुणी फोन केला की दिवा लागायचा, बोलणं संपलं की विझायचा.

आवाज दानम्माबाईंचा होता. गडहिंग्लजच्या शाळेत तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. शिवकुमार त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यानंच गळ घातली आणि बाईंनी दोन दिवस बसून गावांची नावं, तारखा, वार, वाक्यं असे साडेतीनशे तुकडे वाचून दिले. प्रोग्राम ते तुकडे हवे तसे जोडायचा. बाईंच्या मराठीला कानडीचा एक हेल होता. वाक्याचा शेवट त्या हलकेच वर उचलायच्या. एखादं पोर समोर बसलंय आणि त्याला समजलं का ते बघताहेत, असं वाटायचं.

सकाळी आठही लाइनींना एकेक फोन लावून मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत असे आणि वहीत बरोबरची खूण करत असे. पाच महिने वहीत दुसरं काही नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पाचव्या लाइनीवर ‘धन्यवाद’ झालं, आणि फोन कट होण्याआधी बाईंनी श्वास आत घेतला.

पुढं काही बोलायचं असलं की माणूस घेतो, तसा.

२

पहिल्यांदा मी हसलो. रेकॉर्डिंगच्या शेवटी श्वास राहून गेला असेल, मी कापायला विसरलो असेन. ‘धन्यवाद’ची फाइल उघडून पडद्यावर आवाजाचा आलेख काढला. शब्द संपल्यावर सरळ रेघ होती. ऐकली तर नुसती शांतता. फाइल सव्वा सेकंदाची होती, ती सव्वाच सेकंद वाजत होती.

मग पाचव्या लाइनीला पुन्हा फोन लावला. श्वास. तिसऱ्या लाइनीला लावला. तिथंही.

अशा वेळी नोंदी बघायच्या असतात. प्रत्येक फोन कुठल्या नंबरावरून आला, लाइन किती वेळ चालू राहिली, हे भिंतीवरची पेटी नोंदवून ठेवत असे. तालुक्याचं बटण दाबून सगळं ऐकायला पाऊण मिनिट लागायचं. फार तर दोन मिनिटं. जून-जुलैच्या नोंदी तशाच होत्या. ऑगस्टात चार-चार मिनिटांचे फोन दिसायला लागले. सप्टेंबरात दहा-दहा. आणि आदल्या आठवड्यात मलकापूरच्या एका नंबरावरून रोज दुपारी एक फोन आला होता, चाळीस-चाळीस मिनिटांचा.

चाळीस मिनिटं ऐकण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतंच.

कारण मला लगेच सुचलं. पलीकडच्यानं फोन ठेवला की एक्स्चेंजकडून टूं-टूं असा सूर येतो. तो ओळखता आला नाही, तर यंत्र लाइन धरून बसतं. म्हणजे माणूस गेलेला, लाइन मात्र अडकलेली. नेहमीचा बिघाड. मी त्या सुराचं माप नव्यानं बसवलं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीचा सगळ्यात मोठा फोन एक तास दहा मिनिटांचा होता.

शिवकुमारला सांगितलं. तो पुढच्या खोलीत रुग्णालयाची पत्रं चाळत होता. सोमवारपासून हीच सेवा आणखी तीन जिल्ह्यांत सुरू व्हायची होती. आठाच्या साठ लाइनी होणार होत्या. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

‘‘लोक ऐकत बसल्यात म्हणजे चांगलंच की,’’ तो म्हणाला. ‘‘बाईंचा आवाजच तसा हाय. वर्गात एक पोरगं हलायचं न्हाय.’’

३

लाइनमनकडं असतो तसा चिमट्यांचा एक टेस्टिंग फोन माझ्याकडं होता. तारेला चिमटे लावले की त्या लाइनीवर काय चाललंय ते ऐकू येतं. लोकांचं बोलणं असं ऐकणं मला पसंत नव्हतं. पण यंत्राशी कोण काय बोलणार, अशी समजूत काढून दुपारी तीन वाजता मी मागच्या खोलीत गेलो.

पेटीच्या नोंदीप्रमाणे तिसऱ्या लाइनीचा दिवा सव्वीस मिनिटं लागलेला होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र तीच लाइन ‘रिकामी’ दिसत होती. म्हणजे आमचा प्रोग्राम आपलं बोलणं संपवून केव्हाच बाजूला झाला होता. मी चिमटे लावले.

एक म्हातारा बोलत होता.

‘‘...थोरला शिरोळला असतोय. कारखान्यात.’’

शांतता.

‘‘धाकटा हितंच. माझ्यापाशी.’’

शांतता.

‘‘न्हाय, तिचं लगीन व्हायचंय अजून.’’

टेलिफोनवर गप्प असलं तरी मागं बारीक खरखर असते. या शांततेत ती नव्हती. म्हातारा बोलला की त्याच्या अंगणातल्या कोंबड्या, लांबचा ट्रॅक्टर ऐकू यायचा. तो थांबला की तेही थांबायचं. एखादा प्रश्न विचारायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ. मग म्हातारा पुन्हा उत्तर द्यायचा. मधूनच तो हसला. घरच्या माणसाशी बोलताना हसतात तसं.

‘‘बाबा, तुम्ही कुणाशी बोलताय?’’ मी न राहवून विचारलं.

त्याला माझं बोलणं ऐकू गेलं नसावं. तो म्हणाला, ‘‘मोजतो की. थांबा जरा.’’

मी चिमटे काढले. खोलीत आठांपैकी सहा दिवे लागलेले होते. पडद्यावर आठही लाइनी रिकाम्या.

४

गुरुवारी सकाळी रत्नागिरीकडं जाणाऱ्या एसटीनं मलकापूरला गेलो. तो नंबर बायडाबाई नावाच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंचा निघाला. रस्त्यालगत दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. मी रुग्णालयाच्या फोनचं काम बघतो म्हटल्यावर त्यांनी हातातली परात खाली ठेवली.

‘‘या पावणं, बसा. तुमच्या बाईंना आमचा नमस्कार सांगा.’’

‘‘मावशी, तिथं बाई नसतात. तो कॉम्प्युटर आहे. आवाज भरून ठेवलाय.’’

‘‘कोण म्हनतंय?’’ त्या मोठ्यांदा हसल्या. त्यांचा घसा बसलेला होता. ‘‘आधी शिबिराचं सांगत्यात, ते भरून ठेवलं आसंल. पर मग बोलत्यात की.’’

‘‘काय बोलतात?’’

‘‘इचारत्यात, घरी कोण कोण असतं.’’

‘‘आणि तुम्ही सांगता?’’

‘‘जे हाय ते सांगती. लय मायेनं इचारत्यात वो. मला हितं कोण इचारतंय? रांधून वाढलं की झालं.’’ त्यांनी परात बाजूला सरकवली. ‘‘रोज तेच इचारत्यात. पयल्यांदा मला वाटलं, इसरल्या. पर तसं न्हाय. सांगून झालं की म्हनत्यात, नीट मोजा बघू.’’

बाहेर ऊन होतं. समोरून जीप गेली. मला काहीतरी साधं विचारायचं होतं म्हणून विचारलं, ‘‘घरात किती माणसं तुम्ही?’’

‘‘सहा,’’ त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडं बघून म्हणाल्या, ‘‘न्हाय. सात.’’

मी चहा पिईपर्यंत घरातली सगळी येऊन गेली. नवरा, मुलगा, सून, दोन नातवंडं. बायडाबाई धरून सहा. सातवं माणूस बाहेरगावी असेल, शेतात असेल, असं मी परतीच्या एसटीत मनाशी म्हटलं. कोल्हापूर येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

५

‘‘बाईंनाच इचार की,’’ शिवकुमार म्हणाला. ‘‘रेकॉर्डिंगच्या वेळंला काय ज्यादा बोलल्या असतील, ते कुठंतरी अडकलं असंल.’’

बाईंच्या घरी फोन लावला. एंगेज. रात्रीपर्यंत लावत राहिलो, रात्रीपर्यंत एंगेज. शुक्रवारी सकाळी गडहिंग्लजला गेलो.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. मोझॅक फरशीचं, स्वच्छ. बाईंचे यजमान बसलिंगाप्पा यांनी दार उघडलं. बियाण्यांचं दुकान त्यांनी पुतण्याकडं सोपवलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे आणि डाव्या कानावर लाल वळ. तासन्‌तास रिसीव्हर दाबून धरल्यावर उठतो तसा.

‘‘शिवूच्या ऑफिसातनं आला व्हय? बसा, बसा.’’ त्यांचाही आवाज घोगरा होता.

‘‘बाई आहेत का? जरा बोलायचं होतं.’’

त्यांनी आतल्या खोलीकडं हात केला. दानम्माबाई पलंगावर बसल्या होत्या. हिरवं नऊवारी, केसांचा घट्ट अंबाडा, ताठ पाठ. मला बघून त्यांनी हात जोडले. बोलल्या नाहीत.

‘‘पाच महिनं झालं,’’ बसलिंगाप्पा म्हणाले. ‘‘एक दिवस सकाळी उठली आणि आवाज न्हाय. मिरजेला नेलं, बेळगावला नेलं. डॉक्टर म्हणत्यात, गळा साफ हाय, कायबी झालेलं न्हाय. आता तुम्हीच सांगा.’’

‘‘शिवकुमारला कळवलं नाही?’’

‘‘तीच नको म्हणाली. म्हणजे, लिहून दिलं.’’

पाच महिने. आमची सेवा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली होती. मी तारीख विचारली नाही. विचारायला हवी होती. पण ती जुळली तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

बसलिंगाप्पांनी चहा आणला. आम्ही तिघं होतो. ट्रेमध्ये चार कप होते.

‘‘आणखी कुणी यायचंय?’’

‘‘न्हाय की,’’ ते म्हणाले. मग स्वतःच चौथ्या कपाकडं बघत राहिले. तो त्यांनी उचललाही नाही, परतही नेला नाही. तसाच टेबलावर ठेवला.

मी जपून विषय काढला. लोक फार वेळ फोनवर राहतात, यंत्रात बिघाड दिसतोय, कदाचित काही दिवस बंद ठेवावं लागेल. हे ऐकताच म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. ते जवळ सरकले आणि बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

‘‘बंद करू नका. हात जोडतो. चव्वेचाळीस वर्षं त्या आवाजासंगं राहिलोय. आता घरात काय हाय? भांड्यांचा आवाज. तिकडं फोन लावला की ती बोलती तरी.’’

‘‘अप्पा, काय बोलतात?’’

‘‘इचारती, घरी कोण कोण असतं. मी म्हणतो, तू आणि मी, आणखी कोण? ती म्हणती, नीट मोजा.’’ त्यांनी पंचाच्या टोकानं डोळे पुसले. ‘‘मोजतो मी. तिला बरं वाटावं म्हणून मोजतो.’’

फोन दारालगतच्या स्टुलावर होता. मी त्यांची परवानगी घेऊन आमचा नंबर फिरवला. तिथून पलंगावरच्या बाई सरळ समोर दिसत होत्या. खरं सांगायचं तर मला एक वेडी आशा होती. पलीकडून आवाज यायला लागला की या बाईंचे ओठ हलतील. कसं ते माहीत नाही, पण त्यांचा आवाज कुठंतरी जाऊन तिथून त्याच बोलत असतील. ते मी समजू शकलो असतो.

‘नमस्कार. आपला तालुका निवडा.’ मी बटण दाबलं. शिबिर, वार, तारीख. ‘धन्यवाद.’

श्वास.

आणि पहिल्यांदाच तो श्वास पुढं बोलला.

‘घरी कोण कोण असतं?’

फाइलींमध्ये ‘घरी’ हा शब्द नव्हता. ‘असतं’ नव्हता. साडेतीनशे तुकडे मला पाठ होते. आवाज मात्र दानम्माबाईंचाच होता, तोच हेल, वाक्याचं तेच वर उचललेलं टोक. इतक्या आस्थेनं मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. घरी मी, सुष्मिता आणि आमची सहा वर्षांची सई. उत्तर एवढंसं तर होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं.

समोर बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्या उठल्या. वयाच्या मानानं फार वेगानं आल्या आणि फोनच्या खटक्यावर हात ठेवून त्यांनी तो दाबला. आवाज तुटला. बाई परत पलंगाकडं गेल्या. त्यांनी उशीखालची वही काढली, उभ्यानं दोन ओळी लिहिल्या आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. वळणदार, ठळक, फळ्यावर लिहितात तसं अक्षर:

‘आवाज माझा आहे. विचारणारी मी नाही.
कुणी काही सांगू नका.’

बसलिंगाप्पा दारात उभे होते. त्यांनी ते पान वाचलं नाही. ते फोनकडं बघत होते.

६

दुपारी तीनला ऑफिसात पोचलो. शिवकुमार साठ लाइनींच्या नव्या पेट्या मोजून घेत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही.

‘‘तू दमलायस, नृसिंह. आठवडाभर सुट्टी घे. सोमवारचं मी बघतो.’’

‘‘सोमवारी साठ लाइनी होतील, शिवकुमार.’’

‘‘मग काय झालं? प्रश्नच इचारतंय न्हवं? कुणाला काय झालंय का आजपतोर? एक तरी माणूस दाखव.’’

दाखवण्यासारखं माझ्याकडं कुणी नव्हतं. कुणाला काही झालं नव्हतं. सगळी माणसं घरी सुखरूप होती. मी फक्त ते पान पुढं केलं.

त्यानं अक्षर बघितलं. चाळिशीतला, अंगापिंडानं आडवा माणूस. पण ते पान हातात घेताना त्यानं नकळत पायातल्या चपला काढल्या. दोनदा वाचलं. त्याचा चेहरा वर्गातल्या पोरासारखा झाला.

‘‘बाईंनी लिहिलंय?’’

‘‘माझ्यासमोर.’’

‘‘बंद कर,’’ तो म्हणाला. ‘‘आत्ता.’’

मागच्या खोलीत आठही दिवे लागलेले होते. मी कॉम्प्युटर बंद केला. पंख्याची घरघर थांबली. बॅटऱ्यांच्या तारा काढल्या. खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खालून टायरवाल्याचा हातोडासुद्धा ऐकू येत नव्हता. दिवे एकेक करून विझले. पहिला, दुसरा, तिसरा. सातवा विझायला जरा वेळ लागला.

आठवा तसाच राहिला.

यंत्राला वीज नव्हती. टेलिफोनच्या तारेतून थोडी येते, तेवढ्यावर बारका दिवा जळत राहू शकतो, हे मला माहीत होतं. मी स्क्रू-ड्रायव्हरनं आठव्या लाइनीची जोडी भिंतीतल्या डबीतून सोडवली. आता तारेचं एक टोक पेटीत आणि दुसरं माझ्या बोटांत होतं. दिवा हिरवाच.

इथं मी खोली सोडून जायला हवं होतं. पण बारा वर्षं मी एकच काम केलं होतं. काही बिघडलं की कान लावायचा. मी त्या सुट्या टोकाला चिमटे लावले आणि फोन कानाशी नेला.

ती काही विचारत नव्हती. ती वाचत होती. हजेरी घेतात त्या सुरात, सावकाश.

‘...मलकापूर. बायडाबाई. घरी सात.’

मग सहा नावं. मग एक सातवं. ते नाव होतं एवढं मला कळलं. ऐकू आलं, पण कानात टिकलं नाही. आत्ता ते आठवायला गेलो तर जीभ जड होते.

‘गडहिंग्लज. बसलिंगाप्पा. घरी तिघं.’

मग दोन नावं. मग एक.

अशी गावामागून गावं. किती वेळ गेला ते माहीत नाही. शिवकुमार दारात उभा होता आणि माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

‘कोल्हापूर,’ आवाज म्हणाला. ‘नृसिंह. घरी चौघं.’

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

‘नृसिंह. सुष्मिता. सई.’

आणि तिनं श्वास आत घेतला.

मी फोन भिंतीवर आपटला. चिमटे तुटले. दिवा विझला, की मी खाली बसल्यामुळे मला दिसेनासा झाला, ते नक्की सांगता येत नाही. शिवकुमारनं मला काखेत धरून बाहेर आणलं.

७

साऱ्या फाइली आम्ही त्याच संध्याकाळी पुसल्या, आणि ज्या सीडीवर मूळ रेकॉर्डिंग होतं तिचे तुकडे केले. रुग्णालयाला यंत्र जळाल्याचं कळवलं. दीड महिन्यानं सेवा दुसऱ्या आवाजात सुरू झाली आणि पुढं कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. मी त्या कामात नव्हतो. दानम्माबाईंचा आवाज परत आला नाही. शिवकुमार दर दिवाळीला त्यांना भेटायला जायचा. बाई वहीवर लिहून त्याच्याशी बोलायच्या आणि चांगल्या असायच्या. बसलिंगाप्पा मात्र त्याच्याशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाही. त्यांच्या घरातला त्यांना ऐकू येणारा एकमेव आवाज मी बंद केला होता, आणि तसं करताना मी त्यांना काही समजावूनसुद्धा सांगितलं नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. राजारामपुरीत आमचा दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा ब्लॉक होता. सुष्मिता स्वयंपाकघरात होती. सई दिवाणावर पाय हलवत बसली होती. फोन तिच्या शेजारी होता.

‘‘सई कुणाला फोन लावते का गं?’’ मी चपला न काढताच विचारलं.

‘‘तुमच्या त्या दवाखान्याच्या नंबरला,’’ सुष्मिता आतून म्हणाली. ‘‘शाळेतून आली की रोज. फुकट आहे म्हणून मी काही बोलले नाही. का हो?’’

मी सईजवळ बसलो.

‘‘त्या बाई छान आहेत, बाबा,’’ ती म्हणाली. तिचा घसा बसला होता. ‘‘मला मोजायला शिकवतात.’’

‘‘काय मोजायला?’’

‘‘घरातली माणसं. माझं चुकायचं आधी. आता येतं. दाखवू?’’

तिनं हात पुढं केला. मूठ मिटलेली. मग करंगळी उघडली. ‘‘आई.’’ दुसरं बोट. ‘‘बाबा.’’ मधलं बोट. ‘‘मी.’’

मग तिनं चौथं बोट उघडलं. माझ्या खांद्यावरून तिनं आतल्या खोलीकडं बघितलं, ओळखीचं हसली, आणि नाव सांगायला श्वास घेतला.

मी तिची बोटं माझ्या दोन्ही हातांत धरली आणि मिटवली.

‘‘पुरे,’’ मी म्हणालो. ‘‘आलं तुला. आता नाही मोजायचं.’’

‘‘पण बाबा...’’

‘‘नाही मोजायचं, सई.’’

तिनं गाल फुगवले. मी तिची मूठ सोडली नाही. मागं वळूनही बघितलं नाही. आत सुष्मिता जेवायची ताटं मांडत होती. फरशीवर एकेक ताट ठेवल्याचा आवाज येत होता. मी मोठमोठ्यानं सईला शाळेतलं काहीतरी विचारायला लागलो, म्हणजे ते आवाज किती झाले ते मला कळू नये.